पैशाची बोली आणि तिच्यातली मेख



चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्याकडे घरोघर आहे. पण घरातल्या शाळकरी पोराला एकदा विचारून पाहा, की बाळा, चार आणे म्हणजे किती? बहुतेक पोरे डोके खाजवतील. त्यांचा दोष नाही. त्यांनी आणा पाहिलेला नाही, पावली पाहिलेली नाही. एवढेच काय, पंचवीस पैशांचे नाणेही त्यांच्या हाती आलेले नाही, कारण ते ३० जून २०११ पासून चलनातून गेले. नाणी गेली तरी त्यांची नावे मात्र आपल्या जिभेवरून हललेली नाहीत. दमडी, कवडी, पै, आणा हे शब्द अजून आपल्या भांडणात आहेत, लग्नाच्या याद्यांत आहेत, आणि जमिनीच्या जुन्या कागदांतही आहेत.

पैशाची अशी एक वेगळी बोली आहे. काही शब्द जुन्या नाण्यांचे, काही बाजारातल्या दलालांचे, काही सावकाराच्या ओट्यावरचे, तर काही अलीकडे शहरातून आलेले. यातले काही शब्द नुसते गमतीचे आहेत. काही शब्द मात्र असे आहेत, की त्यांचा अर्थ नीट कळला नाही तर वर्षाची कमाई हातची जाते. म्हणून दोन्ही प्रकार आज पाहू.

सोळा आण्यांचा रुपया

आजच्या रुपयाचे शंभर पैसे होतात. जुन्या रुपयाचे सोळा आणे होत. एका आण्याचे चार पैसे, आणि एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे आणे १६, पैसे ६४ आणि पै १९२. हा हिशोब आज अवघड वाटतो, पण तो करणारी माणसे पाटी-पेन्सिलीशिवाय करीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे त्यांना तोंडपाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. असा म्हातारा बाजारात उभा राहिला की त्याला फसवणे सोपे नव्हते.

नाण्यांना लोकांनी आपापली नावे दिली होती. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. तांब्याचा मोठा दोन पैशांचा तुकडा म्हणजे ढब्बू पैसा. लढाईच्या काळात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा १९४३ पासून सरकारने मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. तो झाला भोकाचा पैसा. बायाबापड्या तो दोऱ्यात ओवून ठेवीत, पोरांच्या करदोट्यातही तो दिसे.

अख्ख्या रुपयाला बंदा रुपया म्हणत. चांदीचा बंदा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम. त्यामुळे रुपया हे नाणेही होते आणि वजनही होते. सोनार आणि वैद्य ‘रुपयाभार’ असे माप सांगत. दगडावर वाजवला की खणखणीत आवाज येई. १९४० साली त्यातली चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि १९४७ पासून रुपयात चांदी उरलीच नाही. पण आजही सचोटीच्या माणसाला आपण ‘बंदा रुपया’ म्हणतो आणि चोख कामाला ‘खणखणीत नाणे’ म्हणतो.

सुटे पैसे म्हणजे मोड, चिल्लर किंवा खुर्दा. एका ठिकाणचे नाणे दुसऱ्या ठिकाणी चालवायचे तर सराफ त्यात काही कापून घेई. त्या कापलेल्या रकमेला बट्टा म्हणत. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो ते त्यावरूनच. नाव तेच राहते, पण त्याचे मोल कमी होते. नाणे खरे की खोटे हे पारखणारा तो पोतदार. ते पुढे आडनाव झाले.

नवा पैसा आला

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत सुरू झाली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नव्याला ‘नया पैसा’ म्हटले. त्यावर ‘रुपये का सौवां भाग’ असे छापलेले असे. जून १९६४ पासून ‘नया’ शब्द गळला आणि नुसता पैसा राहिला.

या बदलात एक गंमत होती. एका आण्याचे खरे तर सव्वासहा नवे पैसे व्हायला हवेत. पण पावाचे नाणे कुठून आणणार? म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे असा भाव धरला. आता पाहा. एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे पडत, आणि एकदम चार आण्यांची घेतली तर २५. तीन आण्यांच्या वस्तूला मात्र पाव पैसा जास्तच जाई. ज्याला हिशोब कळला त्याचा पैसा वाचला, न कळला त्याचा गेला. रक्कम क्षुल्लक होती, पण पैशाची भाषा बदलते तेव्हा नुकसान नेहमी न समजणाऱ्याचेच होते, हे त्यातून दिसते.

दमडीचे मोल

म्हणींकडे एकदा या नजरेने पाहा. ‘चमडी जाय पण दमडी न जाय.’ दमडी म्हणजे पैशाचाही लहानसा भाग. त्याहून हलकी कवडी. समुद्रातल्या या शिंपल्या मालदीव बेटांवरून जहाजाने येत आणि हिंदुस्थानात कितीतरी ठिकाणी सुट्या पैशांसारख्या चालत. फुटक्या कवडीला मात्र कोणी विचारीत नसे. चिक्कू माणसाला कवडीचुंबक म्हणतात, आणि बाजार पडला की कांदा ‘कवडीमोल’ गेला अशी बातमी येते. कवडी जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या, पण शेतमालाच्या भावाला तिचे नाव अजून लावावे लागते, ही दुःखाचीच गोष्ट आहे.

‘पाचावर धारण बसली’ हा वाक्प्रचार घ्या. घाबरगुंडी उडाली या अर्थाने आपण तो वापरतो. धारण म्हणजे धान्याचा भाव. पूर्वी भाव सांगायची रीत उलटी होती. पायलीला किती रुपये असे न सांगता, रुपयाला किती मापे असे सांगत. म्हणजे आकडा जितका लहान तितकी महागाई मोठी. रुपयाला भरपूर धान्य मिळण्याऐवजी धारण पाचावर आली, तर गरिबाच्या पोटात गोळा येणारच. भाव ऐकताना तो कशाचा आणि कशाला, हे आधी विचारावे, हा धडा त्या एका वाक्प्रचारात आहे.

आणि कोंबडी-मसाल्याची म्हण? चार आणे आणि बारा आणे मिळून पुरा एक रुपया होतो. म्हणजे रुपया मोडला आणि त्यातला पाव हिस्साच कोंबडीला गेला. शेतीत उत्पन्नापेक्षा खर्च वरचढ झाला की हीच म्हण आठवते. सोळा आणे पुरे झाले की गोष्ट खरी, म्हणून ‘सोळा आणे सत्य’. आणि सगळा डाव फसला की ‘लाखाचे बारा हजार’.

सातबाऱ्यावरचा आणा

आणा नुसता म्हणींतच राहिलेला नाही. वाडवडिलांचे जुने कागद पेटीतून काढून पाहा. सामाईक जमिनीत कोणाचा किती हिस्सा, हे आण्यांत लिहिलेले सापडेल. सगळी जमीन म्हणजे सोळा आणे, म्हणजेच एक रुपया धरायचा आणि त्याचे वाटे पाडायचे. याला आणेवारी म्हणतात. चार भाऊ असतील तर प्रत्येकाला चार आणे. दोन असतील तर आठ-आठ आणे.

तीन भाऊ असले तर? मग कागदावर ‘५ आणे ४ पै’ असे दिसेल. काहींना वाटते, हा काहीतरी वेडावाकडा हिस्सा आहे, कोणीतरी लबाडी केली आहे. तसे नाही. रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै. बारा पैंचा एक आणा, म्हणून ६४ पै म्हणजे बरोबर ५ आणे ४ पै. सहा वाटेकरी असतील तर प्रत्येकी २ आणे ८ पै. शंभर पैशांचे तीन सारखे वाटे पडत नाहीत, १९२ पैंचे पडतात. जुन्या पद्धतीत एवढी सोय नक्कीच होती.

संगणकावरच्या सातबाऱ्यात खातेदाराचे क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये दिसते. पण फेरफाराचे वाद, वाटणीपत्रे आणि जुने खरेदीखत यांत आणे-पै येतातच. म्हणून आपल्या घराचा हिस्सा आण्यांत किती आणि गुंठ्यांत किती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे. केवळ कर्त्या पुरुषाला माहीत असून भागत नाही. घरच्या बाईलाही ते ठाऊक हवे, कारण वेळप्रसंगी तलाठ्यासमोर उभे राहायची वेळ तिच्यावर येते.

आणेवारीचा दुसरा अर्थ पिकाचा. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरून यंदा किती आणे पिकले, हे ठरवीत. दशमान पद्धत आल्यावर तिची पैसेवारी झाली, पण लोक अजून आणेवारीच म्हणतात. एखाद्या गावाची पैसेवारी ४५ पैसे म्हणजे रुपयाच्या जागी पंचेचाळीस पैसेच पिकले. पन्नास पैशांच्या आत की वर, यावर सवलती ठरत, म्हणून त्या आकड्याकडे सारा गाव डोळे लावून बसे. केंद्र सरकारची २०१६ ची दुष्काळ संहिता आल्यापासून पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, पेरणीचे क्षेत्र असे निकष पुढे आले आहेत. तरीही हंगामी, सुधारित आणि अंतिम पैसेवारी जाहीर होते. पीककापणी प्रयोग कोणत्या शेतात होतात, कधी होतात, याची चौकशी गावाने करावी.

रुमालाखालची भाषा

आता बाजाराकडे वळू. बोटांच्या खुणांनी बोलण्याला आपल्याकडे करपल्लवी असा गोड शब्द आहे. पण बाजारातली करपल्लवी गोड नव्हती. तिला हत्ता पद्धत म्हणत.

ती अशी. शेतकरी माल घेऊन येई. दलाल किंवा अडत्या आपला हात उपरण्याखाली, नाहीतर धोतराच्या सोग्याखाली धरी. व्यापारी एकेक करून पुढे येत, कापडाखाली हात घालून दलालाची बोटे दाबीत. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सबंध पंजा म्हणजे पाच. मोठ्या आकड्यांच्या खुणा ठिकठिकाणी वेगळ्या. आणि एक म्हणजे एक रुपया, दहा, शंभर की हजार, हे माल पाहून दोघांनी समजून घ्यायचे. सौदा मालाच्या धन्यासमोर होई, पण त्याला दिसे ते फक्त हलणारे कापड. शेवटी दलाल तोंडाने जो भाव सांगे तो खरा मानायचा. कोणी जास्त बोट दाबले होते आणि दलालाने ते गिळले, हे शेतकऱ्याला कळायला मार्गच नव्हता.

खुणांच्या जोडीला शब्दही होते. मराठी मुलखातल्या दलालांची आणि व्यापाऱ्यांची एक गुप्त बोली होती, तिला नंदभाषा म्हणतात. तिच्यात केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा आणि अंगळू दहा. रुपयाला म्हणायचे भुरका. दुकानात गिऱ्हाईक उभे असता एकाने दुसऱ्याला ‘मुळू भुरके’ म्हटले, की पाच रुपये सांग, असा इशारा झाला. गिऱ्हाईक आपले छताकडे पाहत राहणार. ही बोली बरीच जुनी आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर तिच्यातला एक अभंग सांगतात. त्यात पाच मुखांच्या, तीन नेत्रांच्या, दहा हातांच्या महादेवाचे वर्णन बाजारातल्या याच आकड्यांनी केले आहे. भक्ताच्या तोंडी गेली तर तीच बोली देवाचे कोडे झाली, आणि दलालाच्या तोंडी शेतकऱ्याचे.

हा कारभार उघड्यावर आणायला फार वर्षे लागली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा आणि १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा आला. पुढे महाराष्ट्र राज्याचा १९६३ चा कायदा आला. त्या कायद्याखालच्या बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव झाला पाहिजे, भाव सर्वांना ऐकू आला पाहिजे, रुमालाखाली सौदा होता कामा नये, असा नियम आहे.

तरी काही बैलबाजारांत रुमाल अजून हलतो. हेडी आणि दलाल मंडळींचे म्हणणे असे, की गिऱ्हाइकाने किती मागितले हे चारचौघांत फुटले तर बैलाचा भाव पडतो. त्यात थोडे तथ्य असेलही. पण बैल तुमचा आहे. दलालाला सांगा, ‘दादा, कापडाखाली काय झालं ते मला कानात सांगा. कोणी किती मागितलं, एकूण एक सांगा.’ सौदा ठरला की भाव स्वतः खरेदीदाराच्या तोंडून वदवून घ्या. इसार घेतला तर किती घेतला, बाकी किती आणि कधी देणार, हे पावतीवर लिहून घ्या.

शेतमालाच्या पट्टीवरचे शब्दही असेच पाहून घ्यावेत. हमाली, तोलाई, अडत, कडता, सूट, वटाव, अशी एकेक ओळ असते आणि प्रत्येक ओळीत काही रुपये गेलेले असतात. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य सरकारने २०१६ साली ठरवले. तरीही पट्टीवर वेगळ्याच नावाने एखादी कपात आली असेल, तर तिचा अर्थ तिथल्या तिथे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पट्टी घेऊन बाजार समितीच्या कार्यालयात जा. पट्टी फाडून टाकू नका.

दोन रुपयांनी घेतलेले पैसे

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपल्याकडे माणूस सहज म्हणतो, ‘तीन रुपयांनी घेतले.’ ऐकणाऱ्याला वाटते, तीन रुपये म्हणजे फार नाही. बँकही सात टक्के घेते, मग हे तर निम्म्याहून कमी झाले!

इथेच मेख आहे. तीन रुपये म्हणजे तीन रुपये शेकडा, आणि तेही दर महिन्याला. बँकेचा टक्का वर्षाचा, सावकाराचा रुपया महिन्याचा. बोलताना ‘महिन्याला’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही, आणि एवढ्या एका न बोललेल्या शब्दात घरे बुडतात.

हिशोब करून पाहा. वीस हजार रुपये तीन रुपयांनी घेतले. महिन्याचे व्याज झाले ६०० रुपये. वर्षाचे ७,२०० रुपये. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. हेच वीस हजार सात टक्क्यांच्या पीककर्जाने घेतले असते तर वर्षाचे व्याज १,४०० रुपये. आणि केंद्राच्या व्याज सवलत योजनेप्रमाणे वेळेत फेडले तर चार टक्क्यांनी अवघे ८०० रुपये. तीन रुपये शेकड्याने पावणेतीन वर्षे झाली की नुसते व्याजच जवळजवळ मुद्दलाएवढे होते, आणि मुद्दल जागच्या जागी. ‘पाच टक्के’ म्हणून कोणी देत असेल तर तेही विचारा, महिन्याचे की वर्षाचे? महिन्याचे असेल तर वर्षाला साठ टक्के झाले. दहा असेल तर एकशे वीस.

शिवाय पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून घेण्याची रीत असते. हातात पडतात १९,४०० रुपये आणि कागदावर लिहिले जातात २०,०००. म्हणजे जे पैसे आपल्याला मिळालेच नाहीत, त्यांचेही व्याज आपण भरतो.

धान्याचेही तसेच. वाढीदिढी हा शब्द जुन्या माणसांना ठाऊक आहे. पेरणीला एक पोते न्यायचे आणि सुगीला दीड पोते परत करायचे. ऐकायला सोपे. पण जूनमध्ये नेलेले धान्य डिसेंबरात परत केले तर सहा महिन्यांत पन्नास टक्के व्याज झाले, म्हणजे वर्षाच्या हिशोबाने शंभर टक्के. शिवाय पेरणीला धान्य महाग असते आणि सुगीला स्वस्त, तो फरक वेगळाच.

या शब्दांच्या ओझ्याखाली आपला शेतकरी पूर्वी एकदा पेटून उठला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी लोकांनी सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन कर्जरोखे आणि खतावण्या काढल्या आणि जाळल्या. मग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तेच लोण पसरले. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. जे वाचता येत नाही अशा कागदावर अंगठा उमटवला, त्यावर काय लिहिले हे सावकारच सांगणार. जुन्या चोपड्यांत आणे लिहिण्याची रीतही अशी, की एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मागाहून एक रेघ जास्त ओढली की चार आणे वाढले! त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. कर्जाचे कागद गावच्या निबंधकापुढे नोंदवावेत, आणि कोर्टाने कर्जाचा मागचा इतिहास तपासावा, अशी सोय त्यात होती.

आपल्या जुन्या रिवाजात एक चांगला शब्दही आहे, दामदुपट. व्याजाची बाकी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, म्हणजे एकूण वसुली दामाच्या दुपटीवर जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. आताच्या काळात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून किती व्याज घ्यावे, याचे दर शासनाने २०१४ साली ठरवून दिले: तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत, हे पुन्हा सांगतो. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही कायद्यात आहे. त्यासाठी व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो. तक्रार तालुक्याच्या ठिकाणी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्ह्याला उपनिबंधकाकडे करता येते. तिथे लाजण्याचे काही कारण नाही. घरातल्या घरात कुढत बसण्यापेक्षा अर्ज केलेला बरा.

पेटी, खोका आणि सीआर

अलीकडे शहरातून काही नवे शब्द गावात आले आहेत. मुंबईच्या काळ्या धंद्यांतून आणि सिनेमांतून पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, असे शब्द पसरले. २०२२ साली राजकारणातल्या घोषणांमुळे खोका तर लहान पोरांच्याही तोंडी गेला. कोकणातल्या बागायतदाराची पेटी मात्र अजून आंब्याची आहे, आणि ती भरायला त्याला वर्षभर घाम गाळावा लागतो.

नोटांनाही नावे पडतातच. १९९६ पासून नव्या नोटांवर महात्माजींचे चित्र आले, तेव्हापासून लोक नोटेला ‘गांधीबाबा’ म्हणू लागले. शंभर नोटांची गड्डी. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्यावर आलेली दोन हजारांची ‘गुलाबी’. मे २०२३ मध्ये तीही मागे घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले.

हमरस्ता किंवा कारखाना येणार असे कळले की गावात जमिनीचे दलाल फिरू लागतात. त्यांच्या तोंडी ‘सीआर’ असतो, म्हणजे कोटी. तरुण पोरे ‘पन्नास के’ म्हणतात, म्हणजे पन्नास हजार. पण तोच ‘सीआर’ बँकेच्या पासबुकात किंवा मोबाइलच्या संदेशात आला तर त्याचा अर्थ कोटी नव्हे, तर खात्यावर जमा. ‘डीआर’ म्हणजे खात्यातून गेले. बातम्यांत मिलियन ऐकले तर दहा लाख समजावेत, आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी. एवढे घरातल्या पोरींना-पोरांना शिकवून ठेवा आणि पासबुक त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

जमिनीचा भाव सांगताना दलाल नुसते ‘चाळीस’ म्हणतो. चाळीस काय? हजार की लाख? गुंठ्याला की एकराला? एकरात चाळीस गुंठे. म्हणजे गुंठ्याचा भाव एकराचा समजलात किंवा एकराचा गुंठ्याचा, तर फरक चाळीस पटींचा पडतो.

अक्षरी लिहा

या सगळ्यावर आपल्या वाडवडिलांनीच एक उपाय शोधून ठेवला आहे. रक्कम आकड्यात लिहायची आणि तिच्याखाली ‘अक्षरी’ म्हणून शब्दांतही लिहायची. उत्तर हिंदुस्थानातल्या जुन्या दस्तांत तर रकमेशेजारी ‘ज्याचे अर्धे इतके’ असेही लिहीत, म्हणजे मागाहून एक शून्य वाढवायची सोय राहू नये. आजच्या धनादेशाचा कायदाही हेच मानतो. आकडा आणि अक्षरे यांत फरक पडला तर अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी धरली जाते. १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्यातच तसे म्हटले आहे.

म्हणून व्यवहार बैलाचा असो, जमिनीचा असो की उसनवारीचा, तीन गोष्टी आधी विचाराव्या. किती? कशाला? किती दिवसांचे? ‘चाळीस’ ऐकले तर चाळीस काय, हे विचारा. ‘तीन रुपयांनी’ ऐकले तर महिन्याला की वर्षाला, हे विचारा. ‘पाच आणे चार पै’ वाचले तर त्याचे गुंठे किती, ते विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते अक्षरी लिहून, खाली समोरच्याची सही घेऊन ठेवा. विचारणाऱ्याला कोणी अडाणी म्हटले तरी हरकत नाही. न विचारता मान डोलावण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आणि संध्याकाळी घरी आल्यावर आजी-आजोबांजवळ बसा. त्यांना पावकी-दिडकी म्हणायला सांगा, चवली-पावलीच्या गोष्टी काढा, जुन्या पेटीतला एखादा भोकाचा पैसा असला तर तो पोरांच्या हातावर ठेवा. नाणे चलनात नाही, पण त्याच्यामागचे हिशोबाचे शहाणपण पोरांच्या अजून उपयोगी पडेल.